आक्कांनी मटण सोडलं

"घे, तू बघ," असं म्हणून आक्कांनी पळीतल्या रश्श्याचे दोन थेंब माझ्या तळहातावर टाकले, आणि मी इतकी घाबरले की चाटायचंच विसरले.

बुधवारची सकाळ होती. मोठ्या पातेल्यात बारा किलो मटण रटरटत होतं. आमची खानावळ गडहिंग्लजच्या एसटी स्टँडमागच्या बोळात. दारावर पाटी नव्हती. अकराच्या सुमाराला वास स्टँडवर पोचायचा आणि माणसं आपली आपण यायची. बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मटणाचे वार. त्या दिवशी रस्सा चुलीवरून उतरण्याआधी आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पळी बुडवत, दोन थेंब स्वतःच्या तळहातावर टाकून चाटत, क्षणभर डोळे मिटत, आणि मग मीठ नाहीतर चटणी घालत, नाहीतर नुसतंच "उतरा" म्हणत. तीस वर्षं हेच चाललं होतं. ते काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं आणि माझं तर नव्हतंच नव्हतं. मी लग्न होऊन मिरजेहून त्या घरात आले त्याला जेमतेम सात महिने झाले होते.

त्यात माझी पत आधीच गेलेली. पंधरा दिवसांपूर्वी एका रविवारी रस्सा असा खारट झाला होता की सुभेदार खराडे भरल्या ताटावरून उठले. खराडे म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले, वीस वर्षं भिंतीकडेच्या एकाच जागेवर बसणारे आमचे गिऱ्हाईक. ते ओरडले नाहीत. मिशी पुसत एवढंच म्हणाले, "नव्या सूनबाईंनी केलंय वाटतं?" सगळी पंगत हसली. मी त्या दिवशी मिठाच्या बरणीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी वर न बघता चुलीतलं लाकूड मागं ओढलं. संध्याकाळी आमच्या ह्यांनी माझी जी हजेरी घेतली ती वेगळीच. वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि वडा शेजारी बसून ऐकत राहिला. त्या दिवसापासून बाजारात बायका मला "काय गं, आज मीठ बेताचं न्हवं?" म्हणून चिडवायच्या.

आणि आता तीच मी मीठ बघणार.

"आक्का, मी कशी बघू?"

"जिभेनं. देवानं दिलीया न्हवं?"

"पण तुम्ही असताना..."

"मी आजपास्नं मटण खानार न्हाई. रस्साबी जिभंला लावनार न्हाई. अंबाबाईचा नेम हाय."

आमचे हे, म्हणजे विलासराव, कांद्याचं पोतं खांद्यावरून उतरवत होते. ते पोतं तसंच धरून उभे राहिले. "आक्का, डोकं ठिकाणावर हाय का? खानावळ मटणाची आनि मालकीण माळकरी?"

"माळ कुटं घातलीया? नेम म्हनलं मी."

"पर कशापायी?"

"बाई सपनात आली. म्हनली, लई खाल्लंस हौसा, आता सोड."

त्यावर मुलानं काय बोलावं? देवीशी वाद घालायची आमच्या घरात पद्धत नव्हती. ह्यांनी पोतं खाली ठेवलं आणि कांदे निवडायला बसले.

मी तळहात चाटला. मीठ कमी होतं. चांगलंच कमी होतं. पण सांगायची छाती कुणाची?

"कसं हाय?" आक्कांनी विचारलं.

"चांगलं आहे."

आक्कांनी माझ्याकडं थोडा वेळ रोखून बघितलं. मग बरणीत हात घालून मूठभर मीठ रश्श्यावरून फिरवून टाकलं, ढवळलं, पळी नाकाशी नेऊन वास घेतला आणि पुन्हा माझ्या तळहातावर थेंब टाकले. आता रस्सा अगदी नेमका झाला होता. 

मी चक्रावून गेले. मी चांगलं आहे म्हटलं होतं, तरी आक्कांना मीठ कमी आहे हे कळलं कसं? मनात म्हटलं, तीस वर्षांचा हात आहे, वासावरून कळत असेल. मग म्हटलं, वासावरून मीठ कळतं? माझ्या आईनं तर असं कधी सांगितलं नव्हतं. बरं, विचारावं तर कुणाला? ज्या घरात आपली अक्कल मिठावरून ठरलेली आहे, तिथं मिठाविषयी प्रश्न विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

पुढं दर मटणाच्या वारी हेच होत गेलं. थेंब माझ्या हातावर, "कसं हाय?", माझं "चांगलं आहे", आक्कांचं माझ्या तोंडाकडं बघणं, मग मीठ किंवा चटणी किंवा खोबऱ्याचं वाटण, आणि रस्सा फक्कड. एकदाही चुकलं नाही. मला वाटे, ह्या माझी परीक्षा घेतायत. मी खोटं बोलते हे ह्यांना दर वेळी कळतं आणि त्या दर वेळी न बोलता मला नापास करतात. म्हणून मी आणखी भिऊन आणखी ठाम आवाजात "चांगलं आहे" म्हणायची.

बाहेर मात्र बोभाटा झाला. पोवारांच्या आक्कानं मटण सोडलं आणि रस्सा चाखतसुद्धा नाही, तरी चव रेसभर हलली नाही! अंबाबाईच तिच्या हातात उतरली म्हणायची. नेसरीची, आजऱ्याची, पार संकेश्वरची माणसं नुसतं बघायला म्हणून आली आणि जेवून गेली. सुभेदार खराडे आल्या आल्या आधी चुलीकडं तोंड करून हात जोडू लागले.

"आमास्नी न्हाई जमत बघा आक्का, तुमी देवमाणूस," ते म्हणायचे आणि चौथी वाटी मागायचे.

आक्का त्यावर हसायच्या नाहीत. पदर तोंडावर घेऊन आत यायच्या. मला तो विनय वाटायचा.

आता आक्का खात काय होत्या ते सांगते, कारण घोडं तिथंच अडलं. आमच्या घरात बिनमटणाचं जेवण म्हणजे उपास, एवढंच ठाऊक होतं. सोमवार, एकादशी, नवरात्र. त्या दिवशी साबुदाणा, वरी, रताळी, शेंगदाणे आणि चहा. उपास सुटला की पुन्हा मटण, मासळी नाहीतर अंडी. ह्या दोन्हींच्या मधे काही जेवण असतं ही गोष्ट पोवारांच्या चुलीला माहीतच नव्हती. तेव्हा आक्कांनी मटण सोडलं म्हणजे रोजचा उपास धरला, असा सरळ हिशेब सगळ्यांनी केला, त्यांनी स्वतःही केला. सकाळी चहा. दुपारी गिऱ्हाईक उठलं की एक रताळं नाहीतर बशीभर खिचडी. संध्याकाळी पुन्हा चहा आणि शेंगदाण्याचा लाडू. मी एकदा हौसेनं भरलं वांगं आणि भाकरी केली. त्यांनी चार घास खाल्ले, "चांगलं हाय" म्हणाल्या आणि ताट सारलं. माझं वांगं आवडलं नाही म्हणून मी मागच्या दारी जाऊन डोळे पुसून आले. पुन्हा केलं नाही.

चैत्रापासून आक्कांचा रंग उतरायला लागला. सैपाकघराच्या दोन पायऱ्या चढल्या तरी भिंतीला धरून उभ्या राहायच्या. पायाला मुंग्या आल्यात म्हणायच्या आणि त्या मुंग्या आठ-आठ दिवस जायच्या नाहीत. हळद घातलेल्या मटणाला पुन्हा हळद लावायला निघायच्या. एकदा त्यांनी मला "इंदू" म्हणून हाक मारली. इंदू त्यांची बहीण, जाऊन दहा वर्षं झालेली. मी ओ दिली. काय करणार?

शेजारच्या बायकांत दोन तट पडले. एक म्हणायचा, देवी अंगात यायच्या आधी असंच होतं. दुसरा म्हणायचा, मटणावर पोसलेलं शरीर, त्याला पालापाचोळा मानवत नाही. नेम सोडवा, नाहीतर माणूस हातचं जाईल. मी दोन्हीकडं मान डोलवायची. खरं सांगायचं तर मला दोन्हीही पटायचं आणि दोन्हीही पटायचं नाही. देवीनं जेवू नको म्हटलं असेल, पण मर असं थोडंच म्हटलं असेल?

जूनमधल्या एका शुक्रवारी हे सैपाकघरात आले आणि आजूबाजूला बघून मला हळूच म्हणाले, "आज आक्काचा वरीचा भात मी करतो."

"तुम्ही?"

त्यांनी मटणाचं अळणी पाणी गाळून घेतलं, एक तुकडा राहू दिला नाही, आणि त्यात वरी शिजवली. 

"अहो, नेम आहे त्यांचा! पाप लागेल."

"लागू दे मला. आई गेल्यावर पुण्य घिऊन काय करू?" त्यांचे डोळे भरले होते. त्यांना मी प्रथमच तसं बघत होते, म्हणून मग मीच पातेल्यावर झाकण ठेवलं.

आम्ही दोघं दाराआड उभे राहिलो. हौसाबाई पोवार म्हणजे बोकडाचं मांस नुसतं हुंगून ते कुठल्या बाजाराचं आहे हे सांगणारी बाई. पहिल्याच घासाला ताट भिरकावणार, अशी आमची खात्री. आक्कांनी एक घास घेतला, दुसरा घेतला, पाणी प्यायल्या आणि सगळा भात खाऊन टाकला. 

"विलास, भात चांगला केलाईस," म्हणाल्या.

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. ह्यांना आनंद व्हायला हवा होता, पण तेही गोंधळले होते. "कळलंच न्हाई तिला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "असं कसं कळलं न्हाई?" त्यांनी पुन्हा तसा भात केला नाही.

मग आखाड आला. श्रावण लागायच्या आधीचे ते पंधरा दिवस आमच्याकडं जत्राच असते. पुढं महिनाभर मिळायचं नाही म्हणून लोक असे तुटून पडतात, की उद्या जग बुडणार आहे. शेवटच्या रविवारी तीस किलो मटण होतं आणि बाहेर बोळभर रांग. आक्कांनी माझ्या हातावर थेंब टाकले. "कसं..." एवढंच म्हणाल्या आणि चुलीच्या उलट्या बाजूला, नशिबानं, कोसळल्या.

डॉक्टर आरबोळेबाईंचा दवाखाना दोन बोळ सोडून. रक्त तपासलं तर ते निम्म्यावर आलेलं. सलाईन लावून दोन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी बाईंनी आक्कांना समोर बसवलं, मला आणि ह्यांना शेजारी.

"डॉक्टर, तिला मटण खायाला सांगा," हे म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं तर देवी ऐकंल."

आरबोळेबाई हसल्या. "मी लिंगायताची. माझ्या घराण्यात कुणी मटण खाल्लेलं मी ऐकलं नाही. आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत आणि अजून सुनांना धाकात ठेवतात. तुमच्या आई मटण सोडलं म्हणून आजारी पडल्या नाहीत, जेवण सोडलं म्हणून पडल्यात."

"जेवत हुते की," आक्का पुटपुटल्या.

"साबुदाणा आणि चहा? त्याला जेवण म्हणायचं? आणि हे काही आठ महिन्यांतलं नाही. आधीपासूनच रक्त कमी असणार. सगळ्यांना वाढून झाल्यावर तुम्ही काय खात होतात, खरं सांगा?"

आक्कांनी पदराचा काठ नीट केला. खरं म्हणजे त्या पातेल्याच्या तळाचा रस्सा आणि भाकरीचा चतकोर खात, तोही उभ्यानं. ते मला ठाऊक होतं, पण तोवर त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

"जीभ दाखवा."

आक्कांनी जीभ काढली. ती लालभडक आणि गुळगुळीत होती, भाजल्यासारखी.

"तोंडाला चव आहे का?"

आक्कांनी जीभ आत घेतली. डॉक्टरीणबाईंकडं बघितलं, मग मुलाकडं. "विलास, रिक्षा मिळती का बघून ये जा."

"आत्ता कशाला रिक्षा?"

"जा म्हनते न्हवं."

हे बाहेर गेले. मीही उठले, तर आक्कांनी माझा पदर धरून खाली बसवलं. 

"चव न्हाई," त्या म्हणाल्या. "वासबी न्हाई."

"मटण सोडल्यापासून?"

"न्हाई बाई. चव गेली म्हनून मटण सोडलं."

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. वाक्य साधं होतं, पण मी आठ महिने ते उलटं धरून बसले होते.

दिवाळीत आक्कांना ताप आला होता, पाच-सहा दिवसांचा. त्यातून उठल्या तर जिभेला काही लागेना. मीठ नाही, तिखट नाही, साखर नाही. त्यांना वाटलं चार दिवसांत येईल. आली नाही. अंदाजानं रांधत राहिल्या आणि एका रविवारी अंदाज चुकला. 

"खानावळवालीची जीभ मेली असं बोळात कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी चूल इझली असती बाई," त्या डॉक्टरांना सांगत होत्या, पण पदर माझाच धरला होता. "तीस वर्सं झाली, मालक गेल्यावर ह्या जिभेवर घर उभं केलंय. मग काय करनार? म्हनलं, नेमच धरते. नेम धरला की कोन इचारनार न्हाई का चाखत न्हाईस म्हनून. अंबाबाईच्या नावावर खपवलं."

"आणि कुणालाच कळलं नाही?" डॉक्टरांनी विचारलं. "रस्सा तर गाजतोय तुमचा. मग चव कोण बघत होतं?"

"ही."

"मी?" मी म्हटलं. "मी तर नुसतं चांगलं आहे म्हणत होते!"

"तू म्हनत हुतीस. तुझं तोंड म्हनत नव्हतं." आक्कांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत प्रथमच हसू आलं. "मीठ कमी असलं की तू घोट गिळून जीभ टाळूला लावून बघतीस. जास्त झालं की तुझा डावा डोळा बारीक हुतो. तिखट कमी असलं तर हात पुन्ना चाटतीस. आनि नीट जमलं की तुझं कपाळ सैल पडतंय. तुझ्या तोंडाकडं बघून रांधत हुते मी, पोरी. खोटं बोलाय तुला येतच न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. तापानं गेलेली चव काही महिन्यांत आपसूक यायला हवी होती, असं त्या म्हणाल्या. पण आक्कांनी पोटात काही घातलंच नाही, जीभ आणखी सोलून निघाली, आणि येणारी चव वाटेतच अडली. म्हणजे चव गेली हे लपवायला धरलेल्या नेमानंच ती परत येऊ दिली नाही. कोंबडं झाकून ठेवलं तर उजाडायचं राहत नाही म्हणतात. आमच्या कोंबड्याचा मात्र जीव चालला होता.

मी ऐकत होते, पण माझं डोकं दुसरीकडंच अडकलं होतं. 

"आक्का, तो खारट रस्सा..."

"माझा," त्या म्हणाल्या. "मीच दोनदा मीठ घातलं. तुझ्या नावावर गेलं तवा तोंड उघडाय पायजे हुतं. न्हाई उघडलं. उघडलं असतं तर समदंच उघडं पडलं असतं."

मला राग आला. आठ महिने बाजारातून मान खाली घालून चालले होते, नवऱ्याची बोलणी खाल्ली होती, आणि आक्कांना ठाऊक होतं. आणि त्याच वेळी समोर ती वाळलेली बाई माझा पदर सोडत नव्हती, तिची दयाही आली. राग आणि दया एकदम आल्यावर माणसानं नक्की काय करायचं असतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी उठून डॉक्टरांच्या टेबलावरचा पाण्याचा पेला घेतला आणि त्यांचं पाणी पिऊन टाकलं.

आरबोळेबाईंनी इंजेक्शनं लिहून दिली, रक्ताच्या आणि बी-बाराच्या गोळ्या दिल्या. बिनमटणाचं जेवायचं तर बी-बाराची गोळी कायमची, दर वर्षी रक्त तपासायचं आणि दूध-दही रोज, असं बजावलं. मला म्हणाल्या, "श्रावणात तुमची खानावळ थंडच असते ना? चार दिवस माझ्या सासूबाईंकडं या. शाकाहार शिकायचा असतो. तो म्हणजे मटण वजा केलेलं ताट नव्हे."

त्या श्रावणात मी नव्यानं सैपाक शिकले. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, तुरीचं घट्ट वरण, डाळ घालून शेपू, मूग घालून मेथी, शेंगांची आणि कारळाची चटणी, कच्ची कोशिंबीर, वर लिंबू पिळायचं आणि शेवटी वाटीभर दही. ज्वारीची भाकरी तेवढी मला येत होती. आरबोळेबाईंच्या सासूबाई मला म्हणाल्या, "एवढं मटण शिजवतीस आनि कडधान्याला एवढी भितीस का गं?" त्यांचं बरोबर होतं. मटकी कच्ची राहील की लगदा होईल या भीतीनं मी चुलीसमोरून हलायची नाही.

आक्का आज्ञाधारक मुलीसारख्या जेवायच्या. बसून, ताट मांडून. चव लागत नसताना रोज एवढं गिळायचं म्हणजे औषधच ते. पण पंधरा दिवसांत पायऱ्यांवर थांबणं कमी झालं. महिन्यानं मुंग्या बोटांपुरत्या उरल्या. ओठांवर रंग आला. मला पुन्हा माझ्याच नावानं हाक मारू लागल्या. जीभ मात्र गप्पच. मी रोज विचारायची, त्या रोज मान हलवायच्या, आणि खानावळ सुरू व्हायचा दिवस जवळ येत होता. त्या पुन्हा खोटं धरून चुलीपुढं उभ्या राहणार का, ह्या विचारानं माझी झोप उडाली होती.

गौरी जेवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का मटकीची उसळ आणि भाकरी खात होत्या. दोन घास झाले आणि हात थांबला.

"उज्ज्वला, उसळीत गूळ घातलाईस?"

"चिमूटभर."

"चिमूट कुनाची, हत्तीची?" त्या म्हणाल्या. "गोड करून ठेवलीया समदी."

सासूनं सैपाकाला नावं ठेवली म्हणून आनंदानं रडलेली सून गडहिंग्लज तालुक्यात मी एकटीच असेन. मी फरशीवर बसून रडले. आक्कांनी ताटातली चटणी चाखली, मग दही चाखलं, मग नुसतं मीठ बोटानं जिभेवर ठेवलं, आणि त्याही रडायला लागल्या. ह्यांनी बाहेरून येऊन विचारलं, काय झालं, कोण गेलं? कुणाला नीट सांगता येईना. शेवटी आक्कांनीच त्यांना खाली बसवून सगळं सांगितलं, अगदी दिवाळीपासून.

रविवारी खानावळ उघडली. पंगत भरली. सुभेदार खराड्यांनी चुलीकडं तोंड करून हात जोडले, तशा आक्का हातात रश्श्याची बादली घेऊन त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. 

"सुभेदार, हात जोडू नगा. मागच्या साली खारट रस्सा झाला हुता, आठवतंय? तो माझ्या हातचा. माझ्या सुनंनं मिठाला हात लावला नव्हता. मला तवा चवच नव्हती. पुढं आठ म्हैने तुमी जे वाटीवर वाटी खाल्लं, त्याची चव हिच्या जिभंची. देवीची न्हवं आनि माझीबी न्हवं."

भाकरी मोडायचा आवाजसुद्धा बंद झाला. ह्यांनी दाराची चौकट धरली होती. गिऱ्हाईक उठून जाणार आणि तीस वर्षांची चूल आज विझणार, असं मला स्पष्ट दिसत होतं. माझं नाव धुऊन निघालं होतं, पण त्यासाठी आक्कांनी घर पणाला लावलं होतं, आणि आनंद मानावा की आक्कांना हाताला धरून आत ओढून न्यावं, ते मला समजेना.

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मग वाटी पुढं केली.

"मग आज कुनाची जीभ हाय?"

"तिचीच," आक्का म्हणाल्या.

"वाढा तर," ते म्हणाले, आणि पंगतीत कुणीतरी कांदा मागितला.

गिऱ्हाईक पांगल्यावर आम्ही दोघीच उरलो. माझ्या मनात एक गोष्ट टोचत होती. ती सांगून टाकली. "आक्का, जूनमध्ये ह्यांनी तुमच्या वरीच्या भातात अळणी घातलं होतं. तुमचा नेम मोडला त्या दिवशी. मीही अडवलं नाही."

मला वाटलं, आता भडका उडणार. आक्का विचारात पडल्या.

"मला कळलं का तवा?"

"नाही."

"मग नेम कशाचा मोडला? तो नव्हताच की. लाकडाच्या जिभंनं मटण काय आनि माती काय, सोडलं म्हनून काय सोडलं?"

"म्हणजे आता तुम्ही मोकळ्या," मी म्हटलं. "आता चव आलीय, सगळ्यांना खरंही सांगितलंय. वाढू का? चांगला नळीचा तुकडा ठेवलाय बाजूला."

आक्कांनी पातेल्याकडं बघितलं. त्यांनी घोट गिळलेला मला दिसला.

"खावंसं वाटतं?" मी विचारलं.

"वाटतं म्हंजे? सकाळपास्नं वास जीव घ्याय लागलाय माझा." त्यांनी ताट पुढं ओढलं, त्यात भाकरी घेतली, मटकी घेतली, वाटीत दही घेतलं. "म्हनून तर. अंबाबाईला एक नेम कबूल केला हुता, तो देनं ऱ्हायलाय माझ्याकडनं. आता सोडताना जिवाला लागतंय, तवा आता देते."

मला त्या वेळी ते पटलं नाही, आणि पटलं नाही असंही म्हणता येईना. मी समोर बसून त्यांना गरम भाकरी वाढत राहिले. जेवता जेवता त्यांनी मटणाच्या पातेल्याकडं चारदा बघितलं, आणि चारही वेळा मी दुसरीकडं बघितलं.